खळ्यातून काढलेले फोटो

संगमेश्वर,
९ जून २०२५

चि. प्रमोदभावजी यांस,

अनेक आशीर्वाद.

पत्र बघून नवल वाटेल. वाटू दे. फोनवर ठरलेली गोष्ट तुम्ही दुसऱ्या दिवशी ठरलीच नव्हती म्हणता, म्हणून यापुढे जे काही ते लेखी. हायस्कुलात भूगोल शिकवण्यात माझा जन्म गेला. लेखी उत्तर मागायची मला सवय आहे आणि अपुऱ्या उत्तराला गुण न देण्याचीही.

यांच्या वर्षश्राद्धाला तुम्ही आलात आणि जाताना यांचा कॉम्प्युटर गाडीच्या डिकीत घालून डोंबिवलीला नेलात. सगळे फोटो नीट लावून आठ दिवसांत परत पाठवतो, हे शब्द तुमचे. सातवा महिना चालू आहे. दर वेळी विचारलं की तुमचं काम नव्वद टक्के झालेलं असतं.

मला त्यातलं फार काही नको. शिमग्याच्या पालखीचे शेकडो फोटो तुम्ही ठेवा. मला गणपतीतले ओटीवरचे फोटो हवेत. गौरीच्या ओवशाच्या दिवशी जेवणाआधी सगळं घर ओटीच्या कडेला ओळीने बसतं, मागे मखर, मधे घरातला थोरला. दर वर्षी तोच फोटो, त्याच जागा. यांचे एरवीचे फोटो म्हणजे ओळखपत्रावरचे. नोकरीमुळे अलोऱ्याच्या कॉलनीत, तिथून शनिवारी यायचे आणि सोमवारी पहाटे परत जायचे, त्यात फोटो कोण काढतो? यांचं वय वाढताना मला सलग दिसेल ते त्या ओटीवरच्या फोटोंतच.

मी लॅपटॉप घेतला आहे. देवरूखला निशिगंधाच्या कॉम्प्युटर क्लासला आठवड्यातून दोनदा जाते. फोटो कुठल्या प्रोग्रॅममध्ये ठेवायचे ते माझं मी ठरवीन. तुम्ही फक्त कॉम्प्युटर परत करा. चतुर्थीच्या आत.

स्वप्नाला आणि नम्रताला आशीर्वाद. उत्तराची वाट पाहते, नव्वद टक्क्यांची नव्हे.

सुनंदा


डोंबिवली,
१६ जून २०२५

ती. गं. भा. सुनंदावहिनी यांस,

शि. सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. स्वप्नाला वाटलं कोर्टाची नोटीस आली. वाचल्यावर तिचं मत बदललं नाही.

काम शंभर टक्के झालं आहे. दादाचे सगळे फोटो मी क्लाउडवर चढवले आहेत. तुमच्या मोबाइलवर लिंक पाठवली आहे, तिच्यावर बोट ठेवायचं, बस. त्यासाठी देवरूखची एसटी पकडायची गरज नाही. हा प्रोग्रॅम चेहरे ओळखतो. ‘आई’ लिहिलं की आईचे सगळे फोटो समोर येतात. जगभर लोक हाच वापरतात. तुम्ही या वयात बाजारातून वांगी निवडावीत तसे प्रोग्रॅम निवडायला निघालात, याचं कौतुक वाटतं, पण मी नोकरीभर कॉम्प्युटरवरच बसलो होतो, हे आपण विसरता.

दादाने नुसता पसारा करून ठेवला होता. एकेक फोटो चार चार वेळा, डोळे मिटलेले, हललेले. मी सगळा कचरा काढला. जवळजवळ अर्धी जागा मोकळी झाली. त्यामुळे महिन्याचं भाडंही लागत नाही.

कॉम्प्युटर परत पाठवण्याचा प्रश्न उरलेला नाही. तो सुरूच व्हायला पाव तास घ्यायचा. भंगारवाल्याला दिला. तुमच्या ओटीवर अडगळ व्हायची ती वाचली, असं समजा.

गेल्या गणपतीत मधल्या जागेवरून जे झालं ते मी मनात ठेवलेलं नाही. आपणही ठेवू नये.

आपला,
प्रमोद


संगमेश्वर,
२४ जून २०२५

श्री. प्रमोदभावजी यांस,

नमस्कार.

‘चि.’ आजपासून बंद. चिरंजीव व्हा असं म्हणावं असं तुम्ही काही केलेलं नाही. आणि माझ्या नावामागे ‘गं. भा.’ लावू नका. ती माझी पदवी नव्हे. माझी पदवी बी. ए., बी. एड. आहे. ती लिहायची तर लिहा.

नवऱ्याची वस्तू त्याच्या बायकोला न विचारता भंगारात दिली, हे वाक्य मी तीनदा वाचलं. त्यावर काय लिहायचं ते मी लिहिणार नाही. पोस्टमन ओळखीचा आहे.

आता तुमच्या प्रोग्रॅमविषयी. गेल्या महिन्याभरात निशिगंधाने मला क्लासमध्ये तीन प्रकार दाखवले, मी प्रत्येकावर आठवडाभर माझ्या मोबाइलातले शिमग्याचे फोटो घालून पाहिले. तुमचा क्लाउडवाला पहिला. त्याने मला आणि सासूबाईंना एकच बाई ठरवलं. ‘आई’ लिहिलं की निम्म्या फोटोंत मीच हसते आहे. तो दर दोन दिवसांनी स्वतःहून आठवणी काढतो आणि गाणं लावतो. शनिवारी मी भाकरी थापत होते आणि मोबाइलवर यांच्या दहाव्याचा फोटो उड्या मारत आला, मागे सनई. असल्या यंत्राला मी घरात घेणार नाही. दुसरा प्रोग्रॅम फोटो आपल्या पोटात घालतो. दिसतात छान, पण बाहेर काढायला गेलं की नाव वेगळं, आकार वेगळा. तिसरा दिसायला साधा, बापुडवाणा. तो काही हलवत नाही, काही सुचवत नाही. आपण ज्या फोल्डरात ठेवलं त्याच फोल्डरात दाखवतो, फोटोखाली दोन ओळी लिहू देतो, आणि पुसायचं म्हटलं की आधी विचारतो. मी तो घेतला. माझ्या घरात असंच माणूस चालतं.

आणि आता या पत्राचं खरं कारण. तुमच्या लिंकवर बोट ठेवलं. सगळं शोधलं. निशिगंधाने शोधलं. ओटीवरचा फोटो फक्त एक आहे. २००८ पासून २०२३ पर्यंत दर वर्षी एक, असे सोळा असायला हवेत. आहे तो २०१७ चा. त्या वर्षी हे रत्नागिरीला हॉस्पिटलात होते आणि देवरूखच्या स्टुडिओवाल्याला बोलावून फोटो काढला होता. ओळीत मधे तुम्ही बसला आहात. नवीन सदरा, मांडीवर हात.

सोळांतला एकच उरावा आणि तो नेमका हाच उरावा? गेल्या वर्षी यांच्या जागी तुम्ही बसायला गेलात आणि मी उठून आत गेले. फोटो राहिला. त्याचा हा वचपा आहे का, एवढंच लेखी कळवा.

बाकीचे पंधरा कुठे आहेत?

सुनंदा


डोंबिवली,
१ जुलै २०२५

ती. सुनंदावहिनी बी. ए., बी. एड. यांस,

सा. न. वि. वि.

वचपा बिचपा काही नाही. आपण शिक्षिका होतात म्हणून समजावून सांगतो, गुण द्या अगर देऊ नका.

दादाचा कॅमेरा वर्षभर कपाटात पडून असायचा. बॅटरी मेलेली. गणपतीला काढला की त्याची तारीख मागे जाऊन पहिल्या जानेवारीवर बसायची, आणि दादाने ती एकदाही लावली नाही. त्यामुळे प्रोग्रॅमच्या हिशेबी तुमचे ते सगळे फोटो एकाच दिवशी काढलेले. वर तीच ओटी, तेच मखर, तीच माणसं, त्याच जागा, आणि आपण दर वर्षी ओवशाला तीच हिरवी साडी. यंत्राने काय समजावं? त्याने म्हटलं, हे एकसारखे आहेत, त्यातला चांगला ठेवतो. दादाने स्वतः फोल्डरांना वर्षं दिली होती, ती चढवताना गेली. एवढंच झालं.

स्टुडिओवाल्याचा फोटो बाकीच्यांपेक्षा स्वच्छ आहे हे कोणीही सांगेल.

आणि खरं सांगायचं तर यंत्राचं काय चुकलं? एकाच फोटोच्या सोळा प्रती ठेवून काय करायचं आहे? दादाचे इतर शंभर फोटो आहेत, पालखीतले, शेतातले. त्यातले बघा.

नम्रताचा निकाल चांगला लागला. आपण विचारलं नाहीत, पण कळवतो.

प्रमोद


संगमेश्वर,
७ जुलै २०२५

श्री. प्रमोदभावजी यांस,

नमस्कार.

नम्रताने निकाल मला त्याच दिवशी फोन करून सांगितला होता. तिला पेढ्यांसाठी वेगळं पाठवलं आहे. ती आणि मी यांच्यात तुम्ही येऊ नका.

एकाच फोटोच्या सोळा प्रती म्हणालात. ऐका. २००८ मध्ये सासूबाई कॅमेऱ्याकडे बघेचनात, फोटोभर मखराकडे तोंड. २०१२ ला नम्रताचे पुढचे दोन दात नाहीत आणि ती मुद्दाम तोंड उघडून बसली आहे. २०१४ ला यांचा पाय बांधलेला, फणसावरून उतरताना घसरले होते. २०१६ ला यांनी कलप सोडला, एका वर्षात डोकं कापसासारखं. २०१९ ला सासूबाईंना पहिल्यांदा खुर्चीवर बसवलं, त्या रागावलेल्या आहेत. २०२० ला लॉकडाऊन. मुंबईहून कोणी आलं नव्हतं, ओटीवर आम्ही तिघंच, मधे मधे अंतर सोडून, जणू बाकीच्यांच्या जागा धरून ठेवल्यात. आणि २०२३. यांचा सदरा गळ्याशी सैल झाला आहे. आम्हाला वाटलं, धुण्याने सैल झाला. दोन महिन्यांनी हे गेले.

यातला कुठला दुसऱ्यासारखा आहे ते तुमच्या यंत्राला विचारून कळवा.

निशिगंधाने आणखी एक गोष्ट सांगितली. असल्या प्रोग्रॅममध्ये पुसलेला फोटो लगेच मरत नाही. कचरापेटीत पडून राहतो आणि ठरावीक मुदतीनंतर कायमचा जातो. तुम्ही साफसफाई कधी केलीत ते तुम्ही दोन्ही पत्रांत लिहिलं नाही. लिहायला विसरणारे तुम्ही नव्हेत. तिने हेही सांगितलं की एकसारखे फोटो काढण्याआधी प्रोग्रॅम विचारतो, कुठला ठेवू? यंत्रावर ढकलू नका. बोट तुमचं होतं. पासवर्डही तुमच्याकडेच आहे.

पंधरा फोटो परत काढा आणि पेनड्राइव्हवर घालून पाठवा. फोटो आले नाहीत तर यंदा चतुर्थीला ओटीवर चढू नका. घर यांनी माझ्या नावावर केलं आहे, हे तुम्हाला माहीत आहे.

सुनंदा


डोंबिवली,
१३ जुलै २०२५

वहिनी,

मायना घालत नाही, माफ करा. घालावासा वाटत नाही.

ओटीवर चढू नका म्हणता. फोटोच्या वेळी मी ओटीवर कधी चढलो होतो?

तुम्हाला पंधरा फोटोंतलं सगळं आठवतं. आईचं तोंड, नम्रताचे दात, दादाचा पाय, सदऱ्याचा गळा. त्यांत मी कुठे आहे ते सांगा. एका तरी फोटोत. कॅमेरा दादाचा, पण दादा मधे बसायचा, आणि बटण दाबायला पम्या. स्वप्ना माझ्या जागी पर्स ठेवायची, पुढे पुढे तीही ठेवेनाशी झाली. कॅमेऱ्याचा टायमर लावू म्हटलं तर दादा म्हणायचा फोटो हलतो, तूच काढ. मी ओटीसमोर खळ्यात चिखलात उभा, एका हाताने छत्री कॅमेऱ्यावर धरलेली, मी भिजलेला. आणि ओटीवरून तुम्ही सांगणार की जरा मागे व्हा, मखर कापलं जातंय.

२०२० ला मुंबईहून कोणी आलं नव्हतं म्हणून लिहिलंत. मग तो फोटो काढला कोणी, वहिनी? यांत्रिक हात आला होता का? मी आलो होतो. एकटा. पास उशिरा मिळाला म्हणून ओवशाच्या दिवशीही शाळेतच क्वारंटाइन होतो, वर्गात बाकं जोडून झोपत होतो. दादाने खळ्याच्या कडेच्या दगडी गडग्यावर कॅमेरा ठेवला आणि मागे गेला. मी गडग्याच्या पलीकडून फोटो काढला, कॅमेरा परत दगडावर ठेवला आणि शाळेत गेलो. तुम्ही तिघं आत जेवायला गेलात. अंतर माणसांच्या जागा धरायला सोडलं होतं म्हणता. माझी जागा त्यात कितवी होती?

बोट माझं होतं. हो. यंत्राने विचारलं, कुठला ठेवू. सोळा फोटो समोर होते. मी ज्यात आहे तो ठेवला. स्वच्छ आहे म्हणून नाही.

मधे बसायचं होतं म्हणून मी गेल्या वर्षी बसलो नाही. दादा नव्हता, कॅमेरा नम्रताने घेतला होता, आणि मला पहिल्यांदा कोणी बस म्हटलं होतं. मोकळी जागा तीच होती.

पुसल्याला किती दिवस झाले ते मला माहीत आहे. बघतो.

प्रमोद


डोंबिवली,
२२ जुलै २०२५

ती. ताईंस,

स्वप्नाचा सा. न.

सोबत पेनड्राइव्ह पाठवते आहे. पंधरा फोटो आहेत, मी मोजले. मुदत संपत आली होती. यांनी तुमचं पत्र आलं त्याच दिवशी परत काढले होते, पण पाठवायला तयार होईनात. दोनदा पाकीट लिहून फाडलं. शेवटी मी उचललं.

वर्षं मात्र उरली नाहीत, सगळ्यांवर जानेवारीची तीच तारीख आहे. कुठला कधीचा ते तुम्हीच लावा, आमच्यात दोघांचं एकमत होत नाही. मी कुठलं वर्ष सांगितलं की हे म्हणतात तू ओटीवर होतीस, तुला काय दिसणार.

चतुर्थीला यायचं की नाही यावर घरात बोलणं बंद आहे. नम्रता म्हणते ती एकटी येणार. भांडण तुम्हा दोघांचं आहे हे मला कळतं, पण पर्सचं त्यांनी तुम्हाला लिहिलं, हे मला आवडलं नाही.

स्वप्ना


संगमेश्वर,
१० ऑगस्ट २०२५

श्री. प्रमोदभावजी यांस,

नमस्कार.

पेनड्राइव्ह मिळाला. पंधराही फोटो उघडतात. पोच लेखी असावी म्हणून कळवते.

कॉम्प्युटर भंगारात दिल्याची गोष्ट मी विसरणार नाही. फोटो परत आले म्हणून ती मिटली असं समजू नका. मुदत चालू असताना तुम्ही गप्प राहिलात, तेही माझ्या लक्षात राहील. तुम्हाला राग होता, मान्य. राग होता तर मला चार शिव्या लिहून पाठवायच्या होत्या. कचरापेटीत तुमचा भाऊ होता.

२०२० विषयी तुमचं बरोबर आहे आणि माझं चूक. तुमचं पत्र आल्यावर मी तो फोटो पडद्यावर मोठा करून पाहिला. आम्ही तिघंही समोर बघतच नाही आहोत. आत यायच्या बेड्याच्या बाजूला, गडग्याकडे बघतो आहोत. सासूबाईंचा हात वर आहे. इतकी वर्षं मला वाटत होतं त्या डास हाकलताहेत. त्या तुम्हाला जेवायला बोलावत होत्या.

प्रत्येक फोटोला वर्ष लावलं, त्याचं फोल्डर केलं. दोन जमेनात. २०१० आणि २०११. माणसं तीच, कपडे तेच, नम्रता दोन्हींत मांडीवर. निशिगंधाने हात टेकले. मग मला सुचलं की ओटीकडे न बघता फोटो कुठून काढला ते बघावं. एकात मखर सरळ समोर आहे, एकात तिरकं. म्हणजे एका वर्षी तुम्ही खळ्याच्या मध्यावर नव्हता, उजवीकडे आंब्याखाली होता. का, ते मला माहीत नाही. पाऊस जोराचा असेल किंवा खळ्यात पेंढा रचला असेल. कुठलं वर्ष ते तुम्हालाच ठाऊक. कळवा. तोपर्यंत दोन्ही एका फोल्डरात ठेवले आहेत आणि त्याला मी वर्ष दिलेलं नाही. २०१७ चा त्याच्या वर्षात ठेवला आहे. काढलेला नाही, पुढेही ठेवलेला नाही. या प्रोग्रॅममध्ये फोटोला त्याच्या वर्षाची जागा मिळते, त्याहून वेगळी मिळत नाही, म्हणून तो मी निवडला.

चतुर्थी सत्तावीस तारखेला आहे. यायचं तर तिघं मिळून या. नम्रता एकटी आली तर तिला जेवू घालीन आणि तुमच्याविषयी जे वाटतं ते तिला सांगणार नाही, एवढी खात्री बाळगा. येताना कॅमेऱ्याला लावायची तिपाई घेऊन या, चांगली, वाऱ्याने हलणार नाही अशी. यांची मधली जागा तुम्हाला मिळणार नाही. यंदा ती कोणालाच नाही. उरलेल्यांत कुठेही बसा. फोटो हलला तर हलला.

एक गोष्ट राहिली. या प्रोग्रॅममध्ये प्रत्येक फोटोमागे एक रकाना असतो, हा फोटो कोणी काढला याचा. मी तो परवा पहिल्यांदा उघडला. पंधराही ठिकाणी यांचं नाव होतं. ते यांनी घातलेलं नव्हतं, कॅमेऱ्यातून फोटो घेताना कॉम्प्युटर मालकाचं नाव आपोआप चिकटवायचा. पण होतं, ‘गंगाराम’, स्पष्ट. यांच्या कॉम्प्युटरमधून माझ्याकडे आलेलं तेवढंच. ते ठेवलं असतं तर कोणाला कळलं नसतं. तुम्हालाही नाही.

पुसताना प्रोग्रॅम प्रत्येक वेळी विचारत होता, नक्की बदलायचं का. पंधरा वेळा हो म्हटलं. आता प्रत्येकाखाली तुमचं नाव आहे, २०२० च्याही.

हे उपकार म्हणून केलेलं नाही, आणि समेट म्हणूनही नाही. ज्याने काढला त्याचं नाव. लोभ आहे की नाही ते तुम्ही आल्यावर बघू.

सुनंदा